आधी विचारा, मग हात लावा

वृद्धाश्रमात किंवा शुश्रूषा केंद्रात राहणाऱ्या माणसांचा मान, त्यांची लाज आणि त्यांची जवळीक कशी जपायची, यावर आलेल्या पत्रांपैकी आठ या वेळी घेतली आहेत. काही मुलासुनांची आहेत, काही केंद्रात काम करणाऱ्यांची. ओळख पटेल असा तपशील काढून टाकला आहे.

प्रश्न : आईचं वय ८४. तिला डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे. एरवी शांत असते, पण आंघोळीच्या वेळी किंचाळते, ओरबाडते. दोघी मदतनीस तिला धरून आंघोळ घालतात. आंघोळीआधी झोपेची गोळी द्यावी का, असं केंद्र विचारतंय.

गोळीच्या आधी आंघोळीची पद्धत बदलून पाहा. दिवसभर शांत असणारं माणूस फक्त आंघोळीलाच अंगावर येत असेल, तर ते स्वतःला वाचवत असतं. तिच्या जागी बसून बघा. अनोळखी वाटणाऱ्या दोन बायका येतात, कपडे ओढून काढतात, गार न्हाणीघरात बसवतात आणि डोक्यावरून पाणी ओततात. काय चाललंय हे कळत नसेल तर कुणीही हात उगारेल.

थंडी, लाज, तोंडावर येणारं पाणी आणि दुखणं, बहुतेक वेळा यांतलंच काहीतरी मुळाशी असतं. दुखणं सगळ्यात जास्त सुटून जातं. खांदा आखडलेला असताना काख धुवायला दंड वर उचलला की कळ जाते. 'दुखतंय' हा शब्द सापडत नाही, म्हणून ती चापट मारते. संधिवात असेल तर आंघोळीच्या पाऊण तास आधी पॅरासिटॅमॉल देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. झोपेच्या गोळीपेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे. झोपेच्या गोळीनं पडण्याचा धोका वाढतो आणि गोंधळही.

केंद्राला पलंगावरची टॉवेल-आंघोळ करून पाहायला सांगा. खोली २५-२६ अंशांपर्यंत ऊबदार हवी, पंखा बंद, पडदे ओढलेले. साडेपाच फूट लांब आणि तीन फूट रुंद असा पातळ टॉवेल घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचा. दोन लिटर पाण्यात, साधारण ४० ते ४३ अंश, ३० मिलिलिटर 'नो-रिन्स' साबण, म्हणजे नंतर धुवावा न लागणारा, मिसळायचा. ते पाणी पिशवीत ओतून टॉवेल पूर्ण भिजला की पिशवीवरूनच जास्तीचं पाणी पिळून काढायचं. टॉवेल आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचा. चटका बसता कामा नये. आईच्या अंगावर कोरडी चादर असते. ती गळ्याकडून पायाकडे सरकवत जायची आणि तिच्या जागी तो गरम टॉवेल पसरत यायचा. अंग एक क्षणही उघडं पडत नाही, ही या पद्धतीतली खरी गोम. मग टॉवेलवरूनच हलक्या हातानं चोळायचं. त्यानंतर कुशीवर वळवून लहान टॉवेलनं पाठ. जांघांमधला भाग सगळ्यात शेवटी, वेगळ्या फडक्यानं, बायकांच्या बाबतीत नेहमी पुढून मागे. उलट पुसलं तर संडासातले जंतू मूत्रमार्गात जातात. हे फडकं आधी तिच्याच हातात द्या. बऱ्याच जणी हा भाग स्वतः पुसतात आणि तिथेच निम्मी झटापट संपते. काखा, स्तनांखालची जागा, पोटाच्या वळ्या, पायाच्या बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करायच्या, नाहीतर बुरशी धरते.

फसतं कुठे? साधा साबण वापरला की तो अंगावर राहतो आणि खाज सुटते. हात सावकाश चालले तर टॉवेल निवतो. आणि दोघी मदतनीस एकमेकींशी गप्पा मारत राहिल्या तर पद्धत कितीही चांगली असो, आई पुन्हा घाबरते. बोलायचं एकीनंच. 'आता हात पुसते हं' म्हणायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. मेंदूला ते वाक्य पोचायला तेवढा वेळ लागतो. केस वेगळ्या दिवशी धुवा.

ती 'नको' म्हणाली तर थांबायचं, पांघरूण घालायचं, वीस-तीस मिनिटांनी पुन्हा विचारायचं, शक्य असल्यास दुसऱ्या मदतनीसानं. पूर्ण आंघोळ आठवड्यातून दोनदा पुरते. रोज तोंड, हात, काखा आणि जांघा पुसल्या की वास येत नाही. संडास-लघवीनं अंग भरलं असेल तर मात्र थांबता येत नाही, पण तेव्हाही तेवढाच भाग उघडा करायचा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात टॉवेल-आंघोळ आणि माणसाच्या कलानं घातलेली शॉवरची आंघोळ, दोन्हींमुळे रहिवाशांचा त्रागा बराच कमी झाला होता.

प्रश्न : मी परिचारिका आहे. आमच्या केंद्रात ७८ वर्षांच्या एक बाई आणि ८१ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. दोघांनाही विस्मरण. दिवसभर हात धरून बसतात. गेल्या आठवड्यात रात्रपाळीला ते बाईंच्या पलंगावर, त्यांच्या शेजारी झोपलेले आढळले. बाईंचा मुलगा म्हणतो, दोघांना वेगळ्या मजल्यांवर ठेवा. बाई कधीकधी त्यांना आपल्या दिवंगत नवऱ्याच्या नावानं हाक मारतात.

तुम्ही कुणावर शिक्का न मारता विचारलंत, हे फार बरं केलंत. डिमेन्शिया झाला म्हणजे संमती देताच येत नाही, असं नाही. दोघं खूश दिसताहेत तर चालू द्या, असंही नाही. संमती त्या त्या कृतीपुरती आणि त्या त्या वेळेपुरती पाहावी लागते. हात धरायला लागणारी समज आणि कपडे उतरवायला लागणारी समज सारखी नसते.

पहिला प्रश्न नवऱ्याच्या नावाचा. ती हाक हा महत्त्वाचा धागा आहे, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. कधी नुसती जीभ घसरते, कधी ते नाव 'माझं माणूस' एवढ्याच अर्थानं येतं. गृहस्थ जवळ नसताना, सकाळच्या वेळी, बाईंना त्यांचा फोटो दाखवून विचारा : 'हे कोण? तुमची ओळख कुठे झाली? तुमचे यजमान कुठे असतात?' संध्याकाळनंतर गोंधळ वाढतो, म्हणून सकाळ. बाई त्यांना खरोखरच नवरा समजत असतील आणि परका पुरुष म्हणून जवळ येऊ दिलं नसतं असं दिसत असेल, तर शरीरसंबंधाला ती संमती धरता येणार नाही. हात धरून बसण्यानं त्यांना धीर मिळत असेल तर ते मात्र लक्ष ठेवून चालू राहू शकतं.

दुसरं, त्यांना 'नको' म्हणता येतं का? याचं उत्तर इतर प्रसंगांत सापडतं. नको असलेला घास त्या परत सारतात का? तुमचा हात बाजूला करतात का? ज्या बाईंनी महिनाभरात कशालाच नकार दिलेला नाही, त्यांच्या गप्प राहण्याला होकार समजू नका. आणि त्यांचं 'नको' तुमच्या केंद्रात कोण ऐकतं, हेही तपासा. आंघोळीला, जेवणाला, औषधाला रोज ते डावललं जात असेल, तर बाईंनी नकार देणं सोडूनच दिलेलं असतं.

तिसरं, त्यांना नेमकं काय हवंय? साध्या शब्दांत विचारा : 'ते शेजारी झोपले तर बरं वाटतं का?' 'त्यांनी कपड्यांच्या आत हात घातला तर?' डिमेन्शिया असलेली माणसं समोरच्याचं मन राखायला चटकन 'हो' म्हणतात. म्हणून थोड्या वेळानं उलटा प्रश्न टाका : 'ते शेजारी आले की नकोसं वाटतं का?' दोन्हींना 'हो' आलं तर त्या उत्तरावर विसंबू नका. वेगवेगळ्या दिवशी निदान तीनदा विचारा, आणि ज्या मदतनीसावर त्यांचा विश्वास आहे तिलाच विचारू द्या. मुलासमोर विचारू नका. गृहस्थांनाही हेच प्रश्न हवेत. पुरुषाला विचारायचं राहूनच जातं. त्यालाही नकोसं झालेलं असू शकतं.

शेवटी शरीर काय सांगतं ते पाहा. भेटीनंतर बाई नीट जेवतात, झोपतात, चेहरा सैल असतो का? की कोपऱ्यात बसतात, ते आले की उठून जातात, आंघोळीला अचानक विरोध करतात? अंगावर वळ, रक्तस्राव, लघवीला नवीन जळजळ दिसली तर थांबायचं नाही : त्याच दिवशी डॉक्टर, केंद्रप्रमुख आणि तिथल्या कायद्याप्रमाणे पुढची नोंद. संमती देऊ न शकणाऱ्या माणसाशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे, मग समोरचाही म्हातारा का असेना. एकाला बरंच कळतंय आणि दुसऱ्याला जवळजवळ काहीच नाही, अशी जोडी असेल तर जास्त जपा.

हे ठरेपर्यंत मजला बदलू नका. अचानक तोडलं की अशी माणसं जेवण सोडतात, रात्र रात्र शोधत फिरतात. दिवसा त्यांना हॉलमध्ये एकत्र बसू द्या. रात्री गृहस्थ बाईंच्या खोलीकडे वळले तर 'चला, मी येते सोबत तुमच्या खोलीपर्यंत' एवढंच, ओरडा नको.

मुलाला सांगा की आईचा स्वभाव, तिच्या आवडीनिवडी, ती कशाला कधीच तयार झाली नसती, हे सगळं त्याच्याकडूनच कळणार आहे आणि त्याचं म्हणणं तुम्ही लिहून ठेवणार आहात. पण आईनं कुणाचा हात धरावा याची परवानगी देणं हे मुलाचं काम नाही. तो कायदेशीर पालक असेल तर त्याचे अधिकार कुठपर्यंत जातात, हे वकिलाकडून तपासून घ्या.

नोंद करताना विशेषणं टाळा. 'अश्लील वर्तन' यातून कुणालाच काही कळत नाही. 'रात्री २.१०. गृहस्थ पलंगाच्या डाव्या कडेला, पूर्ण कपड्यांत. बाई त्यांच्याकडे तोंड करून झोपलेल्या. उठवल्यावर बाई हसल्या, "बसा ना" म्हणाल्या.' असं लिहा. आणि केंद्राकडून लेखी धोरण मागा. न्यूयॉर्कमधल्या रिव्हरडेलच्या हिब्रू होम या केंद्रानं रहिवाशांच्या लैंगिक अभिव्यक्तीबद्दल १९९५ सालीच असं धोरण केलं. धोरण नसलं की प्रत्येक पाळीतली व्यक्ती आपापल्या संस्कारांप्रमाणे निर्णय घेते, आणि त्याचा जाच रहिवाशांना होतो.

प्रश्न : पत्नीला (७२) पक्षाघात झाल्यापासून ती केंद्रात आहे. मी रोज जातो, पण खोलीत कुणीही कधीही शिरतं. तिच्या शेजारी आडवं झालो तरी चोरी केल्यासारखं वाटतं. मागणी कशी करावी?

'खासगी भेटीची वेळ हवी', एवढंच लेखी द्या. कारण लिहायची गरज नाही आणि लाजायचीही नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ साली वृद्धांसाठी स्वीकारलेल्या तत्त्वांत, निवासी केंद्रात राहतानाही प्रतिष्ठा आणि खासगीपणा यांचा मान राखला जावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. दाराला लावायची पाटी, ठोठावून आतून उत्तर येईपर्यंत बाहेर थांबण्याचा नियम, आणि त्या वेळेत औषधाची फेरी नाही, इतकं केंद्रानं करायचं. खोलीत आणखी कुणी राहत असेल तर त्यांची त्या वेळची बैठक हॉलमध्ये ठरवता येते.

पलंगाचा ब्रेक लावलाय ना, हे आधी पाहा. पलंग गुडघ्याच्या उंचीपर्यंत खाली घ्या, तुमच्या बाजूचा कठडा उतरवा. दोन पलंग जोडले तर मधली फट भरून पट्ट्यानं बांधून घ्या. त्या फटीत हात-पाय अडकतो. पत्नीच्या लुळ्या बाजूचा खांदा आणि हात उशीवर टेकवा, तो हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. त्या बाजूची संवेदना कमी असेल तर स्पर्श चांगल्या बाजूला करा. नाहीतर तुम्ही हात धरलाय हे तिला कळतच नाही. बोलता येत नसेल तर खूण ठरवा, बोट एकदा दाबलं तर हो, दोनदा दाबलं तर थांब. अंथरुणावर तिला घसटत सरकवू नका. माकडहाडावरची कातडी त्यानंच सोलवटते आणि तिथे जखम होते.

संबंध ठेवायचे असतील तर रक्तदाब स्थिर आहे ना, हे डॉक्टरांना विचारा. वेळ सकाळची, झोप झाल्यावरची बरी. लघवीची नळी असेल तर पिशवी रिकामी करून नळी परिचारिकेकडून मांडीला किंवा पोटाला चिकटवून घ्या; स्वतः काढू नका. कोरडेपणासाठी पाण्यावर आधारित जेल वापरा, कारण तेलानं किंवा व्हॅसलिननं रबरी निरोध फाटतो. तुम्ही छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी घेत असाल तर सिल्डेनाफिलसारखं (व्हायग्रा) ताठरतेचं औषध अजिबात नको, रक्तदाब धोकादायक खाली जातो. आणि नुसतं कुशीत झोपायचं असेल, तर त्यासाठीही ही वेळ तितक्याच हक्कानं मागा.

प्रश्न : सासरे (८०) हॉलमध्ये पँट काढतात आणि मदतनीस बायकांच्या अंगाला हात लावतात. केंद्र म्हणतं, घेऊन जा. आम्हाला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र बांधू नका. पँट काढण्यामागे बऱ्याचदा वासना नसतेच. लघवी लागलीय आणि संडास सापडत नाही, उकडतंय, डायपरची कड जांघेत काचतेय, पोट साफ नाही, लघवीला जंतुसंसर्ग झालाय. याच क्रमानं तपासा. आधी संडासला न्या, मग जांघेची कातडी पाहा, मग पोट, मग लघवीची तपासणी. त्यांना इलॅस्टिकची सैल पँट द्या. पाठीमागे चेन असलेला, स्वतः काढता न येणारा पोशाख सुचवला गेला तर नकार द्या. ते एक प्रकारचं बांधून ठेवणंच आहे.

हात लावण्याचं कधीपासून सुरू झालं, ते आठवा. पार्किन्सनसाठी प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारखी औषधं सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही रुग्णांची कामेच्छा आवरेनाशी होते. तारखा जुळल्या तर डॉक्टरांना दाखवा, पण औषध आपल्या मनानं बंद करू नका. मेंदूच्या पुढच्या भागाला बाधा करणाऱ्या डिमेन्शियात भिडेचा लगामच सुटतो. आणि कधी निव्वळ गैरसमज असतो : कुणीतरी वाकून आपली जांघ पुसतंय, याचा अर्थ त्यांना वेगळा लागतो. सात दिवस वेळ, जागा, आधी काय चाललं होतं, कोण होतं आणि पुढे काय झालं, एवढं लिहून काढा. सगळं आंघोळीच्या वेळीच घडतंय असं दिसलं तर पुरुष मदतनीस मागा आणि त्या वेळी सासऱ्यांच्या दोन्ही हातांत टॉवेल धरायला द्या.

मदतनीसांचाही मान आहे, तो आधी. त्यांनी समोरून न वाकता बाजूला उभं राहावं, एक पाऊल मागे व्हावं, आणि शांत पण ठाम आवाजात म्हणावं, 'हात सोडा. मला हे चालणार नाही.' हसून सोडून देणं घातक, कारण हसू म्हणजे होकार असं त्यांना वाटतं. शिव्या आणि शिक्षाही नको, कारण शिक्षेचं कारण पाच मिनिटांनी आठवत नाही, अपमानाची भावना मात्र राहते. जिला त्रास झाला तिला त्या रहिवाशाच्या कामातून सुटी मागता आली पाहिजे.

हस्तमैथुन आजार नाही. हॉलमध्ये सुरू झालं तर काही न बोलता खोलीपर्यंत न्या, दार लावा, अर्धा तास एकटं राहू द्या. 'शांत करायची' औषधं सहज मान्य करू नका. डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक (भ्रम-भास आवरणाऱ्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २००५ साली दिलेला आहे.

प्रश्न : माझे वडील निवृत्त न्यायाधीश. मदतनीस त्यांना 'बाळ', 'शहाणा मुलगा ना तू' म्हणतात. मुली प्रेमळ आहेत, मग बोलावं की नाही?

बोलावं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ टॉम किटवूड यांनी डिमेन्शिया असलेल्या माणसाचं माणूसपण झिजवणाऱ्या सतरा वागणुकी नोंदवल्या होत्या. लहान मुलासारखं वागवणं त्यांतच येतं. घाई करणं, त्यांच्या डोक्यावरून दोघांनी आपसात बोलणं, हेही त्यात आहे. हे सगळं सहसा दुष्टपणानं होत नाही, हे किटवूड यांनी आवर्जून सांगितलं; म्हणूनच ते कुणाच्या लक्षात येत नाही. बाळबोलीनं काम उलट अडतं. असं बोललं की रहिवासी जास्त विरोध करतात, हे संशोधनात दिसलेलं आहे.

आपल्या भाषेत आणखी एक खोच आहे. 'आपण आता गोळी घ्यायची हं' यातला 'आपण' आदराचा वाटतो, पण गोळी एकटाच घेणार असतो. 'साहेब, गोळी आणलीय. आता घेता की चहानंतर?' हे सरळ आहे आणि त्यात निवडही आहे. त्यांना कोणत्या नावानं हाक मारलेली आवडते, ते त्यांनाच विचारून पलंगाशेजारी मोठ्या अक्षरांत लावा. सरसकट 'आजोबा'ही नको. काहींना ते लाडकं वाटतं, काहींना आपलं नावच पुसल्यासारखं.

प्रश्न : आईला लघवी लागलेली कळते, ती सांगतेही. तरी केंद्र दिवसभर डायपर घालतं. 'त्यातच करा, नंतर बदलू' असं तिला सांगतात.

हे वाक्य ऐकून आईला काय वाटत असेल! लघवी आवरता येणाऱ्या माणसाला अंगावर करायला लावणं हा अपमान तर आहेच, शिवाय त्यातून नवीन अपंगत्व तयार होतं. काही आठवड्यांत सांगण्याची सवय मोडते, चालणं कमी होतं, कातडी ओली राहून लाल पडते.

तीन दिवस दर तासाला कोरडी की ओली, किती प्यायली, कधी गेली, एवढी नोंद ठेवायला सांगा. त्यातून तिचं वेळापत्रक कळतं. बहुतेकांना उठल्यावर, जेवणानंतर आणि झोपण्याआधी लागते. दिवसा दर दोन तासांनी विचारायचं, 'जाऊन यायचं का?' हो म्हटलं तर न्यायचं, पाय जमिनीला टेकतील असं बसवायचं, दार लावून बाहेर थांबायचं. तोल जात असेल तर आत, पण पाठ करून. दहा मिनिटांहून जास्त बसवू नका. कमोडची सीट भिंतीच्या आणि फरशीच्या रंगाहून वेगळी हवी, नाहीतर कमी दिसणाऱ्याला ती सापडतच नाही. तीन-चार दिवसांत ओलं होण्याचं प्रमाण घटलं नाही तर वेळा बदला. 'पाणी कमी द्या' हा उपाय नाही : लघवी घट्ट होते, मूत्राशय चिडतं, जास्त वेळा लागते. रात्री किंवा प्रवासात डायपर घालायचा असेल तर तिला विचारून घाला. आणि ओला झालेला लगेच बदला, फेरीची वेळ होईपर्यंत थांबू नका.

प्रश्न : खोलीत कॅमेरा लावावा का?

मारहाणीचा किंवा चोरीचा ठोस संशय असेल, तर आधी तक्रार आणि चौकशी. तरीही लावायचाच असेल तर रहिवाशाला दाखवून, त्याची आणि खोलीतल्या दुसऱ्या रहिवाशाची संमती घेऊन, आणि तिथला कायदा पाहून. कपडे बदलण्याची जागा, कमोड आणि पलंगाचा मधला भाग चौकटीत येता कामा नये. चित्रण कोण बघणार आणि किती दिवसांनी पुसणार, हे लेखी ठरवा. 'आई कशी आहे' एवढंच पाहायला कॅमेरा नको; फोन करा.

प्रश्न : पुढच्या महिन्यात मावशीला केंद्रात ठेवायचंय. तिच्याबद्दल काय लिहून द्यावं?

आजारांची यादी डॉक्टर देतीलच. तुम्ही एक पान द्या, एकच, कारण दोन पानं पाळी बदलताना कुणी वाचत नाही. तिच्याजवळ बसून, तिच्याच शब्दांत लिहा. हाक कोणत्या नावानं. झोपते कधी, कोणत्या कुशीवर, दिवा चालू की बंद. आंघोळ सकाळी की संध्याकाळी, बाईकडूनच की कुणीही चालेल. कोणी स्पर्श केलेला आवडतो, कुठे हात लावलेला मुळीच आवडत नाही. दुखलं तर ती कशी वागते : बोलते, गप्प होते, की चिडते. कशानं शांत होते. आयुष्यात काय काम केलं. कुणाला भेटायचंय आणि कुणाला नाही.

'स्वभाव प्रेमळ, जुळवून घेणाऱ्या' असलं काही लिहू नका. त्याचा मदतनीसाला काडीचा उपयोग नाही. 'चष्म्याशिवाय कुणी जवळ आलं तर घाबरते, आधी चष्मा द्या' हे एक वाक्य रोजची दहा भांडणं टाळतं. पानाची एक प्रत फाइलमध्ये, एक कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवा. दारावर लावू नका, ते येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी नाही. तारीख टाका आणि दर तीन महिन्यांनी मावशीला वाचून दाखवून दुरुस्त करा.